कुलाबा ते दोना पावला: पाऊस मोजणाऱ्यांच्या गावांना

रविवार, कुलाबा

आर. सी. चर्चचा थांबा येईपर्यंत बस जवळजवळ रिकामी झालेली असते. पुढची बरीचशी जमीन नौदलाची आणि लष्कराची, म्हणून कॅमेरा पिशवीत आणि चाल सरळ. हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र इथंच आहे. माझी भाची पुण्यात हवामानशास्त्रात पीएच.डी. करते आणि या दौऱ्याचा मार्ग तिनंच आखलेला. दर पावसाळ्यात मामा धबधब्यांचे फोटो पाठवतो, त्याला एकदा तरी पाऊस मोजणाऱ्यांची गावं दाखवायची, असं तिच्या मनात होतं. पावसानंही साथ दिली. छत्री उघडली की वारा ती उलटी करायचा.

कुलाब्याची वेधशाळा जुनी, १८२६ सालची, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली. १८४१ पासून तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होऊ लागल्या. पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांचा यंत्रांना त्रास होणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा निघाली. हा किस्सा मुंबईवर लिहिणारे आवडीनं सांगतात. १९६३ सालाबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, आणि मला तर तेच इथलं सगळ्यात मोठं साल वाटतं.

त्या सुमारास जगातली संशोधन जहाजं हिंदी महासागराकडे निघाली होती. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम असं तिचं नाव. १४ देशांच्या झेंड्यांची ४६ जहाजं तिच्यात होती. या मोहिमेच्या हवामान विभागाचं आंतरराष्ट्रीय केंद्र कुलाब्यात थाटलं गेलं. प्रमुख होते हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज. हिशोबाला आयबीएम १६२० हा संगणक आला. आज आपल्या खिशातला फोनही त्याला हसेल, पण तेव्हा भारतात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. अमेरिकन संशोधन विमानं मुंबईहून उडायची, अरबी समुद्रावर जायची आणि छोट्या पॅराशूटला बांधलेली यंत्रं वरून सोडायची. खाली येता येता ती यंत्रं तापमान, दाब आणि आर्द्रता रेडिओवरून कळवत राहायची.

१९६३ च्या जुलैच्या सुरुवातीला मुंबई-गुजरातच्या किनाऱ्याजवळ अशीच उड्डाणं झाली. पाऊस धो धो पडत होता. जमिनीलगतच्या दाबाच्या नकाशावर मात्र त्याला शोभेल असं काही दिसत नव्हतं. विमानांनी वर जाऊन पाहिलं तर पाचेक किलोमीटर उंचीवर एक मोठा भोवरा फिरत होता, आणि खाली समुद्राजवळ त्याचा जेमतेम मागमूस. अमेरिकेचे मिलर आणि आपले केशवमूर्ती यांनी मिळून त्याचा अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः उत्तर कोकण आणि गुजरातेत, दिवसच्या दिवस कोसळणाऱ्या पावसामागं अनेकदा हेच मधल्या थरातलं चक्रावर्त असतं, हे तेव्हापासून पुस्तकात आलं. भाचीकडून हे ऐकताना मी आभाळाकडे बघत होतो. वर पाच किलोमीटरवर काय चाललंय ते खालून कुणाच्या बापाला कळणार आहे!

भाचीनं लगेच २६ जुलै २००५ चा दाखला दिला. त्या दिवशी २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरातली ही दोन पर्जन्यमापकं. "मामा, हवामानाचं गणित करणारं मॉडेल जगाचे चौकोन पाडतं आणि एका चौकोनाला एकच आकडा देतं. तेव्हाच्या जागतिक मॉडेलचा एक चौकोन अख्ख्या मुंबईहून मोठा होता. ह्या दोन आकड्यांपैकी त्यानं कुठला सांगायचा?"

पुढचा मोठा मेळा १९७९ चा, मोनेक्स, म्हणजे मान्सूनवरचा आंतरराष्ट्रीय प्रयोग. शीतयुद्धाचे दिवस, आणि तरी अमेरिकेची विमानं, सोव्हिएत जहाजं आणि भारताची वेधशाळा एकाच कामाला जुंपलेली. त्याआधी १९७३ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघानं मिळून एक लहान मोहीम केली होती. १९७९ साठी अमेरिकेनं आपला एक भूस्थिर उपग्रह हिंदी महासागरावर सरकवून दिला, कारण आपला इन्सॅट अजून व्हायचा होता. जूनमध्ये विमानं मुंबईहून अरबी समुद्रावर फिरली. मान्सून केरळात शिरताना समुद्रावर जो भोवरा तयार झाला, त्याच्या आत जाऊन त्यांनी नोंदी घेतल्या. नंतर मुक्काम बंगालच्या उपसागराकडे हलला. गंमत अशी की एवढं जग पाहुणं आलं आणि त्याच साली देशात दुष्काळ पडला. संशोधकांना त्याचं वाईट वाटलं नसावं. बिघडलेलं वर्ष तपासायला जास्त कामाचं.

यातल्या कशाचीही पाटी मला रस्त्यावर दिसली नाही. आत असेल तर ठाऊक नाही, रविवारी आत कोण सोडतो. संध्याकाळी डेक्कन क्वीननं पुणं गाठलं. कर्जतनंतर खिडकीतून धुक्याशिवाय काही दिसलं नाही, कटलेट मात्र उत्तम होतं.

सोमवार, शिमला ऑफिस

पालख्या पुण्यातून पुढं गेल्या होत्या आणि शहर पुन्हा आपल्या नेहमीच्या खोळंब्यात रुळलं होतं. शिवाजीनगरला घड्याळाच्या मनोऱ्याची दगडी इमारत आहे. तिला पुणेकर शिमला ऑफिस म्हणतात, रिक्षावाल्यालाही वेधशाळा म्हणून सांगावं लागत नाही. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथं आलं, म्हणून हे नाव. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव इथंच राहिलं.

मान्सूनच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजाचं काम याच आवारात चालतं. खातं १८७५ मध्ये निघालं आणि त्यानंतर लगेचच १८७७ चा पाऊस दगा देऊन गेला. हिमालयातलं बर्फ आणि पुढचा पाऊस यांचा संबंध लावून खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफोर्ड यांनी ४ जून १८८६ रोजी पहिला अंदाज काढला. मग १९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. हवामानशास्त्राचं शिक्षण नसलेला माणूस, पण त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. भारताचा पाऊस समजायला भारताबाहेर पाहिलं. दक्षिण अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या वेधशाळांचे दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे घेऊन हाताखालच्या कारकुनांकडून हजारो गुणाकार-भागाकार करून घेतले. त्यातून प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, हा झोका त्यांना सापडला. एल निनोशी, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापण्याशी, त्याचं नातं जुळायला पुढं १९६० चं दशक उजाडावं लागलं. मान्सूनवरचं आंतरराष्ट्रीय काम म्हणजे परिषदा आणि करारांवरच्या सह्या असं मला वाटायचं. मुळात ते आकड्यांची देवघेव होतं आणि अजूनही तसंच आहे.

१९४८ मध्ये ॲना मणी इथं रुजू झाल्या. परदेशातून यायची ती यंत्रं देशात बनवून, तपासून घ्यायची हा त्यांचा ध्यास. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षासाठी त्यांनी देशभर सूर्यप्रारण (सूर्याकडून येणारी ऊर्जा) मोजणारी केंद्रं उभी केली. दुसऱ्या देशांबरोबर बसायचं तर आपलं माप बिनचूक हवं, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्याबद्दल आपल्या शाळेत एक ओळही नव्हती.

वसंतराव गोवारीकर मात्र सगळ्यांना माहीत. मान्सूनच्या अंदाजाचं त्यांचं १६ घटकांचं मॉडेल १९८८ पासून वापरात आलं. त्या घटकांतही निम्मं जग होतं: एल निनो, युरेशियातलं बर्फ, दूरदूरचे वारे. २००२ मध्ये अंदाज साधारण पावसाचा होता आणि देशात १९ टक्के तूट आली. गोवारीकरांना तेव्हा वर्तमानपत्रांतून बरंच ऐकावं लागलं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण त्या साली जुलैचा दगा जगात कुणालाच आधी दिसला नव्हता.

आणखी एक गोष्ट इथं कळली. २०१० च्या एप्रिलमध्ये दक्षिण आशियातल्या देशांचे हवामानतज्ज्ञ पुण्यात प्रथम एकत्र बसले आणि सगळ्या प्रदेशाचा मिळून एक अंदाज काढायची पद्धत सुरू झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ अशी मंडळी. क्रिकेटलाही न जमणारी गोष्ट पावसानं जमवली.

मंगळवार, पाषाण

भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे आयआयटीएम. १९६२ मध्ये हवामान खात्याचाच एक भाग म्हणून निघाली, १९७१ मध्ये स्वायत्त झाली. पहिले संचालक पी. आर. पिशरोटी. फाटकावर ओळखपत्र, वहीत सही, मग आत. भाचीनं आधी परवानगी काढली होती, तरी पहारेकऱ्यानं माझ्याकडे दोनदा नीट पाहिलं.

महासंगणक काचेपलीकडून पाहता येतो, आणि खरं सांगायचं तर त्यात पाहण्यासारखं काही नाही. काळी कपाटं, बारीक दिवे आणि थंड हवेचा अखंड घोंगाट. २०१८ मध्ये आलेल्या 'प्रत्युष'ची ताकद ४ पेटाफ्लॉप (सेकंदाला किती गणितं होतात त्याचं माप), २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या 'अर्क'ची ११.७७. पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखं जास्त होतं, ते कँटीनमध्ये. समोर एक वरिष्ठ संशोधक बसले होते आणि त्यांना शिकवायची आवड होती.

२०१२ मध्ये राष्ट्रीय मान्सून मिशन सुरू झालं तेव्हा पहिला प्रश्न होता की मॉडेल कुठलं घ्यायचं. शून्यापासून बांधत बसलो असतो तर दहा-पंधरा वर्षं गेली असती. मग अमेरिकेच्या हवामान अंदाजाच्या राष्ट्रीय केंद्राचं सीएफएस हे हवा आणि समुद्र दोन्ही एकत्र चालवणारं मॉडेल घेतलं. ते अमेरिकेच्या गरजेतून घडलेलं. त्यात भारताच्या जमिनीवर पाऊस हमखास कमी पडायचा. आपल्या माणसांनी ढगांचे, बर्फाचे, जमिनीतल्या ओलीचे भाग सुधारले, चौकोन सुमारे १०० किलोमीटरवरून ३८ वर आणला. आणि इथं मला नवीन वाटलेली गोष्ट अशी की या मिशनमध्ये भारतानं परदेशी विद्यापीठांतल्या गटांनाही पैसे दिले. मागून घेणं तर होतंच, पण काम नेमून देणंही होतं.

दिल्लीजवळचं नोएडातलं हवामान अंदाजाचं राष्ट्रीय केंद्र ब्रिटनच्या हवामान खात्याचं मॉडेल चालवतं. हंगामी अंदाजासाठी २०२१ पासून हवामान खातं देशोदेशींची अनेक मॉडेलं एकत्र करून बघतं. आणि २०२५ च्या मे महिन्यात इथल्याच मंडळींनी ६ किलोमीटरच्या चौकोनाचं 'भारत फोरकास्ट सिस्टिम' आणलं, त्याआधी तो १२ होता.

"म्हणजे आता सगळं आपलं?" मी विचारलं.

ते हसले. "काका, मॉडेल आपलं झालं तरी सुरुवातीचे आकडे जगाचेच. आज सकाळी साडेपाचला हवा मोजणारा आपला फुगा वर गेला, त्याच वेळेच्या हिशोबानं केनियात, ओमानमध्ये, मॉरिशसमध्येही गेला. ते आकडे आले नाहीत तर 'अर्क' काय करणार?" जागतिक हवामान संघटनेच्या १९९५ च्या आणि २०२१ मध्ये त्याची जागा घेतलेल्या ठरावानुसार देश एकमेकांना मूलभूत नोंदी फुकट देतात. व्यापारात एकमेकांचे गळे धरणारेही देतात. हा ठराव एखाद्या दिवशी मोडला तर काय, हा विचार मला रात्रभर सोडून गेला नाही.

त्यांनीच २०१६ ची हकीकत सांगितली. ब्रिटनचं चार इंजिनांचं संशोधन विमान मे ते जुलै लखनौ आणि बंगळुरू इथून उडत होतं. रेडिंग विद्यापीठ, भारतीय विज्ञान संस्था आणि इतर अनेक त्यात सामील. उत्तरेत ते ओल्या-कोरड्या जमिनीवरून फिरलं, दक्षिणेत बंगळुरूहून घाट ओलांडून थेट अरबी समुद्रावर. कधी पाऊस किनाऱ्यापलीकडे समुद्रावरच पडून जातो आणि कधी घाटावर येऊन कोसळतो, त्याचं कारण शोधायचं होतं. वायव्येकडून मधल्या थरात कोरडी हवा घुसली की घाटावरचे ढग खुंटतात, हे त्यातलं एक उत्तर.

याच आवारात आंतरराष्ट्रीय मान्सून प्रकल्प कार्यालय आहे, २८ फेब्रुवारी २०२२ पासून. आफ्रिका, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा सगळीकडच्या मान्सूनवर काम करणाऱ्यांची सांगड घालणं हे त्याचं काम. मान्सून म्हणजे फक्त आपला, हा समज इथं दारातच सोडावा लागतो.

निघताना विषय कृत्रिम बुद्धिमत्तेवर आला. २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयानं १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर धाडले. त्यामागं गुगलचं न्यूरलजीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचं मॉडेल होतं. संशोधक यावर उत्साही होते, भाची साशंक. माझं मत विचाराल तर पेरणी करायची की थांबायचं एवढंच शेतकऱ्याला हवं असतं. उत्तर भौतिकशास्त्रातून आलं की जुन्या आकड्यांच्या पाठांतरातून, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

बुधवार, मांढरदेव आणि महाबळेश्वर

भोरवरून मांढरदेवचा घाट चढलो. काळूबाईच्या डोंगरावर वारा असा की गाडीचं दार उघडेना. याच उंचीवर आयआयटीएमनं ढग बघणारी रडार बसवून काम केलं. नेहमीच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात. यातल्या एका रडारची तरंगलांबी जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरची, त्यामुळे अजून न बरसलेल्या ढगातले बारीक कणही त्याला दिसतात. आम्हाला मात्र दहा फुटांवरची गाडी दिसत नव्हती. दर्शन घेऊन वाईकडे उतरलो.

वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. हा रस्ता पावसात एकदा तरी करावा, घाईनं नाही. वाईला भुरभुर, पाचगणीला सर, आणि वेण्णा तलाव येता येता काचेवरचे वायपर हात टेकतात. महाबळेश्वरचा वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर, पाचगणीला त्याच्या निम्माही नाही, वाईला त्याहून कमी. सगळं एका तासाच्या गाडीच्या प्रवासात.

ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा इथं २०१२ पासून आहे, १३०० मीटरहून अधिक उंचीवर. एरवी ढगापर्यंत जायला विमान लागतं. इथं जून ते सप्टेंबर ढगच खिडकीतून आत येतो. संशोधक शर्टाला लागलेली बुरशी झटकत कामाला लागतात. हवेतले कण, त्यातल्या कितींवर ढगाचा थेंब धरतो, थेंब किती मोठे, पाऊस किती, सगळं मिनिटामिनिटाला मोजलं जातं. थेंब मोजायचं यंत्र स्विस बनावटीचं आहे. थेंब आपटला की त्याच्या धक्क्यावरून आकार कळतो. पत्र्यावरच्या आवाजावरून पाऊस ओळखणारी माझी आजी तेच करायची, फक्त तिच्याकडे आलेख नव्हता.

त्यातून निघालेली गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. एवढा प्रचंड पाऊस पाडणारे हे ढग बहुतेकदा बुटके असतात, त्यांचा माथा बर्फ होण्याच्या उंचीपर्यंत पोचत नाही. विजा नाहीत, गडगडाट नाही, फक्त बारीक थेंब आणि तेही असंख्य, रात्रंदिवस. घाटाच्या पूर्वेला, सोलापूरकडे, चित्र उलटं: उंच ढग, मोठे थेंब, पण क्वचित. जागतिक मॉडेलमध्ये ढगांची जी सूत्रं असतात, ती सगळीकडे सारखी लागू पडत नाहीत ती यामुळेच. मग अमेरिकेत लिहिलेली सूत्रं महाबळेश्वरच्या आकड्यांवर घासून पाहायची आणि सुधारून पुन्हा सगळ्यांना द्यायची.

रात्री मक्याचं कणीस आणि ओल्या भिंतींचा वास. पंखा लावला तर गारठा, बंद केला तर कपडे वाळेनात.

गुरुवार, गाडीत

सातारा, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली. कोल्हापुरात तांबडा-पांढरा. आंबोलीत महाबळेश्वरशी बरोबरी करणारा पाऊस आणि शंभर मोबाइल एका धबधब्यासमोर. गुरुवार असल्यानं भाची फोनला चिकटलेली, कारण चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी निघतो. दुसऱ्या आठवड्यात मध्य भारतात पावसाचा जोर वाढेल असं त्यात दिसत होतं. सावंतवाडी आली तेव्हा अंधार पडला होता.

शुक्रवार, दोना पावला

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एनआयओ, १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. कुलाब्यात ज्या मोहिमेचं ऐकलं, तिचीच ही लेक. जहाजं आपापल्या देशी परतली, पण आपल्याकडे शिकलेली माणसं, नमुने आणि नोंदी उरल्या, त्यांना घर हवं होतं.

२०१५ मध्ये त्या मोहिमेला पन्नास वर्षं झाली म्हणून जगभरचे समुद्रवैज्ञानिक इथं जमले आणि दुसऱ्या मोहिमेची घोषणा झाली. ४ डिसेंबरला 'सागर निधी' हे जहाज मुरगाव बंदरातून मॉरिशसकडे निघालं. दोना पावलाच्या धक्क्यावरून जुवारीच्या मुखापलीकडे ते बंदर दिसतं. आज पावसाच्या पडद्यात अधूनमधून.

एनआयओचं 'सिंधू साधना' जहाज २०१६ च्या जून-जुलैत बंगालच्या उपसागरात होतं. बंगळुरूची विज्ञान संस्था आणि इंग्लंडचं ईस्ट अँग्लिया विद्यापीठ त्यावर एकत्र. त्यांनी पाण्यात पाच ग्लायडर सोडले. ही पंखांची, पण फिरता पंखा नसलेली यंत्रं स्वतःची तरणशक्ती बदलत खाली-वर जातात आणि वर आली की उपग्रहाला आकडे कळवतात. श्रीलंकेच्या बाजूनं अरबी समुद्राचं खारं पाणी उपसागराच्या कमी खाऱ्या पाण्याखाली कसं शिरतं ते त्यांनी नोंदलं. वरच्या पातळ थरात उष्णता कोंडली की ढग जोर धरतात, म्हणून पावसाच्या चढउताराचा अंदाज बांधायचा तर पाण्याच्या आत पाहावंच लागतं. हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम टोकांतला तापमानाचा झोकाही असाच एकत्र कामातून सापडला, १९९९ मध्ये, भारतीय आणि जपानी संशोधकांना.

दुपारी धक्क्याजवळ एक मच्छीमार जाळं दुरुस्त करत बसला होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, त्यामुळे सवड होती. भाचीनं त्याला समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या यंत्रांबद्दल विचारलं. भारत, अमेरिका आणि इतर देशांनी मिळून हिंदी महासागरभर अशी यंत्रं २००४ पासून मांडली आहेत. त्यांच्याखाली मासे गोळा होतात, मग होड्या त्यांनाच दोर बांधतात, आणि तारा तुटतात, सेन्सर जातात. कित्येक ठिकाणची मालिका अशी खंडित झाली आहे. "आमच्या होड्या तेवड्या लांब वचनात (जात नाहीत)," तो म्हणाला, आणि थोडं थांबून, "पण मासळी आसल्यार कोण सोडटा?" भाची यावर काही बोलली नाही. ज्या अंदाजावर त्याची होडी परत फिरते, तो त्याच यंत्रांतून येतो. हे त्याला कुणी कोकणीतून नीट सांगितलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्यावर खर्चही फार यायचा नाही.

ज्यांना असंच फिरायचं असेल त्यांच्यासाठी: २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन आणि २३ मार्चचा जागतिक हवामान दिन, या सुमारास पुण्यातल्या संस्था लोकांसाठी दारं उघडतात, तेव्हा ओळखीची गरज नाही. शाळेची मुलं भरपूर असतात, म्हणून सकाळी लवकर जा. महाबळेश्वरची प्रयोगशाळा सहलीचं ठिकाण नाही, आधी पत्र लिहून विचारा. कुलाब्यात फोटो काढू नका. आणि पाचगणी ते महाबळेश्वर जुलैमध्ये जाणार असाल तर वायपरची रबरं आधी बदलून घ्या.